गुन्हेगार स्थलांतरितांची हद्दपारी आणि जनमत

परदेशी नागरिकानं गंभीर गुन्हा केला की शिक्षा भोगल्यावर त्याला मूळ देशात परत पाठवायचं, ही हद्दपारी. (तडीपारी वेगळी, त्यात माणूस देशातच राहतो.)

याची सुरुवात कुठून धरायची यावर वाद आहे. अमेरिकेच्या १७९८ च्या कायद्यापर्यंत मागे जाता येतं, पण त्यात राष्ट्राध्यक्षाला कुणी धोकादायक वाटला तरी पुरे होतं, गुन्हा शाबित व्हायची गरजच नव्हती, म्हणून १९१७ चा इमिग्रेशन कायदा धरणं जास्त बरोबर वाटतं. देशात आल्यापासून पाच वर्षांच्या आत केलेला नीतिभ्रष्टतेचा (म्हणजे चोरी, फसवणूक असा) गुन्हा आणि त्यासाठी किमान वर्षाची कैद, असा त्याचा नियम होता, आणि शिक्षा देणारा जज ‘याला पाठवू नका’ अशी शिफारस करू शकायचा. ती सोय १९९० मध्ये गेली. हद्दपारी ही गुन्ह्याची शिक्षा नाहीच, असं तिथल्या सुप्रीम कोर्टानं १८९३ मध्येच म्हटलं होतं, पण ज्याचं घरदार सुटतं त्याला हे कसं पटावं?

खून, बलात्कार असं नाव घेऊन विचारलं तर बहुतेक लोक हद्दपारीच्या बाजूनं असतात. खरा घोळ ‘गंभीर’ या शब्दात आहे. ब्रिटनच्या २००७ च्या कायद्यात बारा महिन्यांची कैद ही रेघ आहे.

स्वित्झर्लंडमध्ये तर हे मतपेटीतूनच दिसलं. नोव्हेंबर २०१० च्या सार्वमतात गुन्हेगार परदेशींना आपोआप हद्दपार करायचा प्रस्ताव ५२ टक्क्यांच्या वर मतांनी पास झाला, त्यातल्या यादीत खुनाच्या शेजारी सरकारी मदत लबाडीनं घेणंही होतं. अंमलबजावणीला उशीर होतोय म्हणून त्याच बाजूनं आणखी कडक प्रस्ताव आणला: आधीच्या दहा वर्षांत नुसता दंड जरी झालेला असला तरी साध्या मारहाणीवरून माणूस देशाबाहेर, आणि जजला त्याची परिस्थिती बघायची मुभा नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुमारे ५९ टक्के लोकांनी तो पाडला. लोकांचं मन बदललं असं काही म्हणतात, पण प्रश्नच बदलला होता हे जास्त पटतं, कारण तोपर्यंत तिथंच जन्मलेल्या पण स्विस पासपोर्ट नसलेल्या मुलांचं काय, हे चर्चेत आलं होतं. सर्व्हेच्या एका ओळीच्या प्रश्नात ही मुलं दिसतच नाहीत, आणि हे फार वाईट आहे.

ऑक्टोबर २०१६ पासून लागू झालेल्या स्विस कायद्यात हद्दपारी ५ ते १५ वर्षांची आहे, मात्र फारच अन्याय होत असेल तर जज ती टाळू शकतो आणि तिथं जन्मलेल्या किंवा वाढलेल्यांचा खास विचार करावा लागतो.