आय-लीग

आय-लीग ही भारतातील व्यावसायिक फुटबॉलची दुसऱ्या स्तराची पुरुष लीग. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ ती २००७ पासून भरवतो. सुरुवातीची अनेक वर्षे हीच देशातली अव्वल लीग होती. २०२२-२३ च्या हंगामापासून तिचे स्थान इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) खाली गेले. एखादा संघ सामने हरून खालच्या श्रेणीत जातो, हे फुटबॉलमध्ये नेहमीचे आहे. इथे मात्र अख्खी लीगच खाली आली आणि तेही मैदानावर एकही सामना न हरता. तिचा इतिहास वाचताना ही गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवावी लागते.

तिची मुळे राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये आहेत. १९९६-९७ मध्ये सुरू झालेल्या त्या लीगचा पहिला विजेता फगवाड्याचा जेसीटी मिल्स. पुढच्याच वर्षी द्वितीय श्रेणीही सुरू झाली आणि खालून वर येण्याचा रस्ता खुला झाला. तो काळ कंपन्यांच्या संघांचा होता. खेळाडू कंपनीच्या नोकरीत असे, सकाळी सराव करी आणि खेळणे संपले तरी पगार चालू राही. मुंबईत महिंद्रा, एअर इंडिया आणि ओएनजीसी यांचे संघ याच घडणीतले. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ चे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. महाराष्ट्रातल्या संघाला राष्ट्रीय लीग जिंकता आली ती एवढी एकदाच. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला.

२००७ मध्ये महासंघाने लीगला नवे नाव आणि नवा चेहरा दिला. पहिली काही वर्षे गोव्याची होती. धेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या तिघांनी मिळून पहिल्या सहा हंगामांत एकदाही विजेतेपद राज्याबाहेर जाऊ दिले नाही. त्यांत धेंपोचा वाटा तीन हंगामांचा होता, आणि आधीच्या राष्ट्रीय लीगमधली दोन धरली तर त्याची विजेतेपदे पाच होतात. महाराष्ट्रातून मुंबई एफसी आणि पुणे एफसी हे दोन नवे क्लब द्वितीय श्रेणीतून वर आले. मुंबई एफसीचे घर कूपरेज, पुण्याचे बालेवाडी. २०१२-१३ मध्ये पुणे एफसीने उपविजेतेपद मिळवले. तिसऱ्याच वर्षी तो क्लब मिटला.

क्लब असे मिटत गेले त्याचे एक कारण वरच्या बाजूला शिजत होते. डिसेंबर २०१० मध्ये महासंघाने रिलायन्स आणि क्रीडा-व्यवस्थापन कंपनी आयएमजी यांच्याशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार करून फुटबॉलचे व्यापारी हक्क त्यांच्या हाती दिले. त्यातून २०१४ मध्ये आयएसएल उभी राहिली. चित्रपटतारे आणि क्रिकेटपटूंची मालकी, परदेशी खेळाडू आणि मोठे प्रवेशशुल्क ही तिची ओळख. सुरुवातीला ती जेमतेम दोन-अडीच महिन्यांची स्पर्धा होती. पण पैसा, दूरदर्शन वाहिन्या आणि प्रेक्षक तिकडे वळले. मे २०१६ मध्ये महासंघाने नव्या रचनेचा प्रस्ताव मांडला. आयएसएल वर, आय-लीग खाली, आणि सुरुवातीला दोघांमध्ये बढती नाही. जिंकूनही वर जाता येणार नसेल तर खेळायचे कशाला, हा गोव्याच्या क्लबांचा प्रश्न होता आणि तो रास्तच म्हणावा लागेल. जूनमध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी लीग सोडली. त्याच वर्षी द्वितीय श्रेणी जिंकून वर येण्याचा हक्क मिळवलेल्या धेंपोनेही पुढे तोच मार्ग धरला.

गोवेकरांच्या या बहिर्गमनाचा लाभ झाला तो मिझोरमला. ऐझॉल एफसी २०१५-१६ च्या अखेरीस पदावनत झाला होता. रिकाम्या जागा भरण्यासाठी महासंघाने त्याला परत बोलावले. प्रशिक्षक म्हणून आले खालिद जमील, ज्यांच्याशी मुंबई एफसीने नुकतीच सात वर्षांनंतर फारकत घेतली होती. त्यांच्यासोबत जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबईत खेळलेले खेळाडूही डोंगरावर गेले. अखेरून दुसऱ्या सामन्यात ऐझॉलने आपल्या घरच्या मैदानावर कोलकात्याच्या मोहन बागानला १-० ने हरवले. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये तिथल्याच लाजाँग संघाविरुद्ध विजेतेपदासाठी केवळ बरोबरी हवी होती, आणि नवव्याच मिनिटाला लाजाँगच्या डिकाने गोल केला. तिकडे बागान जिंकत होता. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. उरलेली वीस-पंचवीस मिनिटे निभावली आणि ऐझॉल ३७ गुणांवर, बागान ३६ वर थांबला. पदावनत झालेला, मागच्या दाराने परत आलेला संघ देशाचा विजेता ठरला. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहून बाहेर पडला तो कायमचा, आणि पुण्याचा डीएसके शिवाजियन्सही संपला.

ऐझॉलने लीगचा स्वभाव बदलला असे म्हणता येईल. पुढच्या वर्षी मिनर्व्हा पंजाब जिंकला, मग चेन्नई सिटी, आणि २०२०-२१ व २०२१-२२ असे लागोपाठ दोनदा गोकुलम केरळ. श्रीनगरचा रिअल काश्मीर २०१८ मध्ये द्वितीय श्रेणी जिंकून आला. पैसेवाले आयएसएलमध्ये गेले म्हणून इथे लहान शहरांना जागा मिळाली. २०१७-१८ पासून दोन्ही लीग एकाच वेळी चालू लागल्या, त्याच वर्षी बंगळुरू एफसी आयएसएलमध्ये गेला आणि २०२० मध्ये मोहन बागान व ईस्ट बंगालही गेले. बागान तर त्या वर्षीचा आय-लीग विजेता होता.

कागदावरचा निर्णय ऑक्टोबर २०१९ चा. आशियाई फुटबॉल महासंघाने क्वालालंपूरच्या बैठकीत आराखडा ठरवला. आयएसएल हीच अव्वल लीग; २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला परवान्याच्या अटी पूर्ण केल्यास प्रवेशशुल्काविना बढती; आणि २०२४-२५ पासून वरून खाली पदावनतीही. यातला पहिला भाग पाळला गेला. २०२२-२३ चा विजेता राउंडग्लास पंजाब, २२ सामन्यांत ५२ गुण मिळवून, आयएसएलमध्ये बढती मिळालेला पहिला क्लब ठरला. पुढच्या वर्षी १८९१ मध्ये स्थापन झालेल्या कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगने शिलाँगमध्येच लाजाँगला २-१ ने हरवून आपली जागा पक्की केली. पदावनतीचे मात्र तेव्हा नाव नव्हते. २०२४-२५ संपली तरी आयएसएलमधून कुणीही खाली उतरले नाही. जिना बांधला, पण तो एकाच दिशेचा.

दुसऱ्या स्तरावर महाराष्ट्राचा वाटा थोडा. मुंबईचा केंकरे एफसी २०२१-२२ मध्ये लीगमध्ये आला. २०२२-२३ मध्ये कूपरेजवर घरचे सामने झाले, पण हंगामाअखेर दिल्लीच्या सुदेवासोबत तो तिसऱ्या स्तरावर, म्हणजे आय-लीग २ मध्ये, ढकलला गेला. गोव्याच्या बाबतीत वर्तुळ पूर्ण होऊ पाहत होते. धेंपो तिसऱ्या स्तरातून वाट काढत २०२४-२५ मध्ये परतला, आणि त्याच हंगामात चर्चिल ब्रदर्स शेवटच्या दिवशी, ६ एप्रिलला, श्रीनगरमध्ये रिअल काश्मीरशी १-१ बरोबरी करून ४० गुणांवर पोहोचला.

तक्त्यात त्याच्या मागे, ३९ गुणांवर, इंटर काशी होता (वाराणसीचा हा क्लब घरचे सामने बंगालमधल्या कल्याणीला खेळे). जानेवारीत काशी पंजाबच्या नामधारी क्लबकडून २-० ने हरला होता, पण नामधारीने अपात्र खेळाडू उतरवला अशी त्याची तक्रार होती. शिस्तपालन समितीने सामना काशीला दिला. अपील समितीने तो काढून घेतला आणि एप्रिलमध्ये महासंघाने चर्चिलला विजेते जाहीर केले. काशीने स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवाद न्यायालयात दाद मागितली. नामधारी-प्रकरण आणि काशीच्याच एका खेळाडूच्या नोंदणीचा वाद, दोन्ही तिथे काशीच्या बाजूने लागले. १८ जुलै २०२५ ला, शेवटचा सामना संपून तीन महिने उलटल्यावर, इंटर काशी ४२ गुणांसह विजेता ठरला आणि चर्चिल उपविजेता.