ह्यू कॅपे खाटकाचा मुलगा नव्हता

फ्रान्सच्या कॅपेशियन राजघराण्याचा मूळपुरुष ह्यू कॅपे हा पॅरिसच्या एका खाटकाचा मुलगा होता, ही गोष्ट जवळजवळ सातशे वर्षं फिरते आहे. ऐकायला छान, पण खरी नाही.

त्याची वंशावळ अगदी स्पष्ट आहे. पणजोबा रॉबेर 'बलवान' ८६६ मध्ये ब्रिसार्त इथे व्हायकिंगांशी लढताना पडला. त्याचे दोन्ही मुलगे राजे झाले : थोरला ओदो ८८८ मध्ये, धाकटा रॉबेर ९२२ मध्ये. हा धाकटा रॉबेर म्हणजे ह्यूचा सख्खा आजोबा. वडील 'थोरला ह्यू' फ्रँकांचा ड्यूक, स्वतः मुकुट न घालता राजांवर हुकूमत गाजवणारा. आई हेडविग तर जर्मन सम्राट पहिल्या ओटोची बहीण! ९८७ मध्ये राजा पाचवा लुई निपुत्रिक वारला, तेव्हा सरदारांनी निवडला तो असा खानदानी माणूस.

मग खाटीक आला कुठून? ही कथा गाजली इटालियन महाकवी दान्तेमुळे. 'डिव्हाइन कॉमेडी'च्या दुसऱ्या खंडात, विसाव्या सर्गात, ह्यूचा आत्मा स्वतःच तसं सांगतो. दान्तेच्या रागाला कारण होतं. याच घराण्यातला शार्ल द व्हालुआ १३०१ मध्ये दान्तेच्या फ्लॉरेन्स शहरात शिरला आणि त्यानंतरच्या उलथापालथीत दान्तेला हद्दपार व्हावं लागलं. शिवाय त्या ओळींत बाप-लेकांची सरमिसळ आहे : तिथला ह्यू आपल्या मुलाला गादीवर बसवल्याचं सांगतो, प्रत्यक्षात ९८७ मध्ये राज्याभिषेक खुद्द ह्यू कॅपेचाच झाला. काव्य म्हणून तो सर्ग जबरदस्तच आहे, पण वंशावळीचा पुरावा म्हणून तो वापरू नये.