मित्राला शिकारीसाठी बंदूक देता येते का? गोव्यातल्या परवानाधारकांसाठी नियम, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

परवान्याची बंदूक एका रात्रीपुरतीसुद्धा मित्राच्या हाती सोपवता येत नाही. शिकारीसाठी तर नाहीच, कारण शिकार मुळातच बंद आहे. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या भागांत अनेक घरांत एकनळी किंवा ठासणीच्या (नळीत पुढून दारू ठासून भरायच्या) बंदुका आहेत. काजूच्या दिवसांत, भात पोटरीला आलं की किंवा कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) रानडुकरं घुसली की शेजारी, मेहुणा, दोस्त बंदूक मागायला येतो. नाही म्हणणं जड जातं, कारण मागणारा परका नसतो आणि त्याचं नुकसानही खरं असतं. म्हणूनच नियम नीट माहीत असायला हवेत. देणारा आणि घेणारा, दोघंही एकाच वेळी गुन्ह्यात अडकतात.

उसनी देणं म्हणजे हस्तांतरणच

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये हस्तांतरणाची व्याख्या आहे. भाड्याने देणं, उसनं देणं, भेट देणं आणि ताबा सोडणं हे सगळं तिच्यात येतं. त्यामुळे ‘विकली नाही, फक्त वापरायला दिली’ या बचावाला कायद्यात जागा नाही.

कलम ३ प्रमाणे बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला स्वतःच्या नावाचा परवाना लागतो. या कलमात एक सवलत आहे आणि गावागावांत गैरसमज होतो तो तिच्यावरूनच. परवाना नसलेला माणूस परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर बंदूक नेऊ शकतो, पण फक्त तीन कामांसाठी: दुरुस्तीला नेण्यासाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी आणि स्वतः परवानाधारकाला वापरता यावी म्हणून. वयस्कर वडिलांची बंदूक दुरुस्तीसाठी मुलगा परवानाधारक विक्रेत्याकडे घेऊन गेला तर चालतं. मालक बागेत निघालाय आणि गड्याने बंदूक खांद्यावर घेतलीय, हेही चालतं. मित्राने स्वतः वापरण्यासाठी ती नेणं मात्र या तिन्हींत बसत नाही, मग खिशात तुमच्या सहीची चिठ्ठी असो वा नसो. ‘मी शेजारीच उभा होतो, बार तेवढा त्याने काढला’ हेही या सवलतीत येत नाही.

दुरुस्तीसाठी कुणाला पाठवायचंच असेल तर अधिकारपत्र नीट लिहा. तुमचं नाव, परवाना क्रमांक, बंदुकीचा प्रकार आणि तिच्यावर कोरलेला क्रमांक, नेणाऱ्याचं नाव-पत्ता, काम, जाण्याचं ठिकाण, तारीख आणि सही, एवढं त्यात असू द्या. सोबत परवान्याची प्रत द्या. बंदूक रिकामी असावी.

मित्राकडे स्वतःचा परवाना असेल तर? तरीही तुमची बंदूक त्याला आपोआप चालत नाही. परवान्यावर शस्त्राचा तपशील नोंदलेला असतो. त्याचा परवाना त्याच्या बंदुकीचा आहे. काडतुसांचंही तसंच. ‘चार बार दे, उद्या परत करतो’ हा व्यवहारसुद्धा दारूगोळ्याचं हस्तांतरण ठरतो.

खरोखरच बंदूक दुसऱ्याच्या नावे करायची असेल तर

कलम ५ मध्ये त्याची वाट दिली आहे. स्वतःच्या वापराची बंदूक तुम्ही पात्र व्यक्तीला विकू किंवा देऊ शकता. त्याआधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला लेखी कळवावं लागतं आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता त्यात द्यावा लागतो. कळवल्यापासून किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. घेणाऱ्याकडे त्या प्रकारच्या शस्त्राचा परवाना आधीच हवा. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या आणि प्रत्यक्ष देण्याआधी दोन्ही परवान्यांवरच्या नोंदी करून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, तेव्हा मित्राच्या परवान्यावर जागा आहे का हेही आधी पाहा.

शिकारीचा परवाना मिळतच नाही

अजूनही लोक विचारतात की शिकारीचा परवाना कुठे मिळतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली दुरुस्ती झाली आणि परवाना काढून शिकार करण्याची सोय संपली. आता कलम ९ नुसार अनुसूचित, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्यांमधल्या, वन्यप्राण्याची शिकार करता येत नाही. शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर फास लावणं, विष घालणं, हाका करणं, आमिष ठेवणं आणि या सगळ्याचा प्रयत्नही येतो. सावज न मिळता रिकाम्या हाताने परतलेली टोळीसुद्धा गुन्हेगार ठरू शकते. कमी ताकदीच्या छऱ्याच्या एअरगनला परवाना लागत नसला तरी तिने सशावर नेम धरला की तीही शिकारच.

२०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अनुसूच्या बदलल्या. गवा आणि मोर पहिल्या अनुसूचीत आहेत, रानडुक्कर दुसरीत. गवा हा तर गोव्याचा राज्यप्राणी. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात केलेल्या शिकारीलाही कडक शिक्षाच आहे.

पीक वाचवायचं असेल तर: परवाना आणि परवानगी या दोन गोष्टी

मित्राला बंदूक का हवी होती, तर त्याचं पीक जात होतं म्हणून. त्याच्यासाठी कायद्यात दोन टप्पे आहेत आणि ते वेगवेगळ्या कार्यालयांत होतात. पीकसंरक्षणाचा बंदूक परवाना हातात आला म्हणजे प्राणी मारायची परवानगी मिळाली, असं समजणारे खूप आहेत. ते साफ चूक आहे.

पहिला टप्पा बंदुकीचा. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये खऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ती पुरणार नाही अशी परिस्थिती असेल तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा विचार होतो. अर्जदार २१ वर्षं पूर्ण केलेला हवा. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झाली असेल तर ती संपल्यानंतर पाच वर्षं बंदूक मिळत नाही. शांतता राखण्याचं हमीपत्र द्यायचा आदेश झालेल्यालाही, हमीची मुदत संपेपर्यंत, ती मिळत नाही. मानसिक स्थैर्य हाही निकष आहे.

अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयात, शस्त्र नियम, २०१६ मधल्या ए-१ नमुन्यात करायचा. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीचे पासपोर्ट आकाराचे फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार, रहिवासाचा पुरावा, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं एस-२ नमुन्यातलं हमीपत्र आणि नोंदणीकृत डॉक्टरचं शारीरिक-मानसिक आरोग्याचं एस-३ प्रमाणपत्र लागतं. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र एस-१ नमुन्यात असतं. पीकसंरक्षणासाठी अर्ज करत असाल तर जमिनीचा एक-चौदाचा उतारा जोडा. जमीन कुळाची किंवा अनेक नावांची असेल तर स्वतःचा संबंध दाखवणारे कागदही जोडा. आपल्याकडे बहुतेक अर्ज नेमके इथे रखडतात, कारण उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव असतं. कृषी कार्ड असल्यास त्याची प्रत आणि पूर्वीच्या नुकसानीचे पंचनामे जोडले तर गरज खरी आहे हे दिसतं.

मग पोलीस ठाण्याकडून चौकशी अहवाल मागवला जातो. बंदूक ठेवायची लोखंडी पेटी किंवा कुलूपबंद कपाट घरात आधीच तयार ठेवा, चौकशीत ते विचारलं जातं. परवाना मिळाला की शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय माहितीकोशातला युनिक ओळख क्रमांक त्यावर येतो. मुदत २०१९ पासून पाच वर्षांची आहे. नाकारला तर कारणं लेखी मागा, आणि अपिलाची सोयही कायद्यात आहे.

गोव्यात आणखी एक पायरी आहे आणि तिची कल्पना फार थोड्यांना असते. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला, भगवान महावीर ही अभयारण्यं पूर्वेकडच्या डोंगराला लागून ओळीने आहेत, त्यामुळे जिथे रानडुकरांचा त्रास सर्वांत जास्त तिथेच ही अट लागू होते. चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य अवघं १.७८ चौरस किलोमीटरचं आहे, पण त्याच्याभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर पणजीही आत येते. याच कलमात अभयारण्याच्या परिसरातल्या जुन्या परवानाधारकांनी वन खात्याकडे नाव नोंदवण्याची तरतूद आहे. घरातल्या जुन्या बंदुकीची अशी नोंद आहे का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन पाहून घ्या. शिवाय लेखी परवानगीशिवाय बंदूक घेऊन अभयारण्यात शिरणं हाच वेगळा गुन्हा आहे. बागेकडे जाणारी पायवाट अभयारण्यातून जात असेल तर हे विशेष लक्षात ठेवा.

दुसरा टप्पा प्राण्याबाबतच्या परवानगीचा. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ नुसार दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी, जसं रानडुक्कर, माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला आहे अशी खात्री पटली, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. ती ठरावीक क्षेत्रापुरती असते. अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत पाठवा. सर्व्हे क्रमांक, पिकाचं नाव, नुकसानीच्या तारखा, फोटो, पावलांचे ठसे आणि केलेले इतर उपाय त्यात लिहा. परवानगीत ज्याचं नाव असेल त्यानेच आणि स्वतःच्या परवान्याच्या बंदुकीनेच ती वापरायची. मारलेला प्राणी सरकारी मालमत्ता असतो. मांस वाटून घेतलं की कायदेशीर काम तिथेच बेकायदेशीर होतं.

पिकांवर येणारा गवा या वाटेत बसत नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी मालमत्तेचं नुकसान हे कारण पुरत नाही. तो माणसाच्या जिवाला धोकादायक किंवा बरा न होण्याइतका जखमी-आजारी असावा लागतो आणि निर्णय मुख्य वन्यजीव रक्षकांचाच असतो. जीव वाचवताना सद्भावनेने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही, पण लगेच वन खात्याला कळवा.

माझ्या मते बहुतेक शेतकऱ्यांनी आधी विभागीय कृषी कार्यालय गाठावं. सौर कुंपणासाठीचं साहाय्य आणि नुकसान झाल्यावर शेतकरी आधार निधी, या दोन्हींची चौकशी तिथे होते. कुंपण रोज रात्री काम करतं. बंदूक घेऊन माणूस किती रात्री माचावर जागणार?

पकडले गेल्यास काय होतं

बिनपरवाना बंदूक जवळ बाळगणाऱ्या मित्राला दोन ते पाच वर्षं कैद आणि दंड होऊ शकतो. शस्त्र अधिनियमाचं कलम ५ मोडून हस्तांतरण करणाऱ्याला २०१९ नंतर किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. पात्रता न तपासता शस्त्र ताब्यात देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे. शिकार झाली असेल तर वन्यजीव कायद्याखाली साहाय्य केल्याचा गुन्हा देणाऱ्यावर लागू शकतो आणि बंदूक व वाहन सरकारजमा होतं. दोषी ठरलेल्याचा शस्त्र परवाना रद्द करून पाच वर्षं तो मिळू नये असा आदेश न्यायालय देऊ शकतं. अंधारात हालचाल दिसली म्हणून बार काढला आणि सोबतचाच माणूस गेला, अशा बातम्या गोव्यात वाचाव्या लागल्या आहेत. तसं घडलं तर बंदूक कुणाच्या नावावर आहे हा पोलिसांच्या पहिल्या प्रश्नांपैकी एक असतो.

वडिलांची बंदूक

वडील वारले आणि बंदूक कपाटात तशीच राहिली, हे आपल्याकडे फार घरांत आहे. परवानाधारक गेल्यावर घरातल्या कुणाचाही तिच्यावर कायदेशीर ताबा उरत नाही, मग ती मित्राला देण्याचा प्रश्नच नाही. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ती जमा करा आणि पावती घ्या. त्यानंतर कायदेशीर वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, जमा पावती आणि इतर वारसांची ना-हरकत सोबत ठेवा. वडील हयात असतानाही हे करता येतं: परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षं पूर्ण केली असतील किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असेल, यांपैकी जे आधी होईल तेव्हापासून वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज चालतो.