चर्चामंडळे, गोव्यातील

जागतिक घडामोडींवर सर्वसामान्य नागरिकांनी संयमाने विचारविनिमय करावा, या हेतूने वाचनालये, व्याख्यानमाला समित्या व तत्सम ना-नफा संस्था चालवीत असलेला उपक्रम. सभेने ठराव करावा किंवा मते मोजावीत, अशी त्यात अपेक्षा नसते.

या प्रथेचे मूळ दोन ठिकाणी शोधता येते. पहिले, गावकरी, म्हणजे गावाची जमीन व कारभार सामायिकपणे पाहणारी ग्रामसंस्था. पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशिया याच्या १५२६ च्या सनदेत गावकऱ्यांच्या बैठकींचे रिवाज नोंदले आहेत. तथापि सनदेचा भर जमीन, कर व मानपान यांवर असून बोलण्याचा हक्क गावकर घराण्यांपुरता होता, त्यामुळे खुल्या चर्चेचा उगम तेथे पाहणे ओढूनताणून वाटते. दुसरे, न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ च्या सुमारास पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेचे वळण. गोव्यातील मराठी सभांची ठेवण याच्याशी अधिक जुळते.

१९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर हिंदू समाजाच्या सार्वजनिक कार्याला वाव मिळाला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत मात्र मुद्रणपूर्व तपासणी आणि सभाबंदी यांमुळे तो आक्रसला. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहिया यांना झालेली अटक सभाबंदी मोडल्याबद्दलच होती. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा सदस्य होता आणि दादरा-नगर हवेलीत जाण्याच्या मार्गहक्कावरील पोर्तुगाल-भारत वादाचा निवाडा १९६० मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिला. म्हणजे परराष्ट्रकारण घरात येऊन बसले होते, पण त्यावर उघडपणे बोलण्याची सोय नव्हती.

मुक्तीनंतर (१९ डिसेंबर १९६१) अशा संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली येऊ लागल्या. त्यासाठी किमान सात सदस्य लागतात. नोंदणीस पात्र उद्दिष्टांत उपयुक्त ज्ञानाच्या प्रसाराबरोबर ‘राजकीय शिक्षणाचा प्रसार’ही आहे, हे शब्द १९२७ च्या दुरुस्तीने आले. दोनापावल येथील इंटरनॅशनल सेंटर गोवा हे या प्रकारातील ठळक उदाहरण होय. पणजीतील डी. डी. कोसंबी विचारमहोत्सव शासकीय असल्याने येथे मोडत नाही.

सभ्यता राखण्याचे जुने साधन म्हणजे चिठ्ठी : श्रोत्याने प्रश्न कागदावर लिहून पुढे सरकवायचा, अध्यक्षांनी तिखट शब्द गाळून तो वाचायचा. ध्वनिक्षेपक श्रोत्यांत फिरू लागल्यावर अध्यक्षांची ही चाळणी अर्थातच उरत नाही. व्याख्यान मराठीत आणि प्रश्न कोकणीत, हा प्रकार येथे कोणाला खटकत नाही.