सिमिलॅरिटीचे १० टक्के आणि एआयचे १० टक्के: हे दोन आकडे एक नाहीत

कॉलेजच्या ग्रंथालयात प्रबंधांचे सिमिलॅरिटीचे (साम्याचे) आणि एआयचे रिपोर्ट काढून देणं हे माझं रोजचं काम. सबमिशनच्या दिवसांत, नागपूरचं ऊन डोक्यावर घेऊन आलेली मुलं काउंटरवर एकच वाक्य बोलतात: "मॅडम, प्लॅगरिझम ६ टक्केच आहे, म्हणजे एआयपण क्लिअर झालं नं?" नाही झालं. दुसरं कोणी येतं: "एआय २२ टक्के आलं, दहाच्या आत आणून द्या." तेही चूक.

सिमिलॅरिटी सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. सॉफ्टवेअर तुमचा मजकूर आधी छापलेल्या मजकुराशी जुळवून बघतं. जुळलेली ओळ रंगवलेली असते आणि ती कुठली, हे शेजारी लिहिलेलं असतं. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत दंड नाही आणि प्रबंधात ६० टक्क्यांच्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे या मोजणीतून वगळतात. या रिपोर्टला "प्लॅगरिझम रिपोर्ट" म्हणू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तो फक्त साम्य दाखवतो. चोरी आहे की नाही, हे माणसानं वाचून ठरवायचं.

खरा घोळ एआयच्या आकड्याचा. त्याच्यामागे उघडून बघता येईल असा मूळ मजकूर नसतोच. शब्दांमागून शब्द किती अपेक्षित क्रमानं येतात, वाक्यांची ठेवण किती एकसारखी आहे, अशा खुणांवरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. २२ टक्के म्हणजे एवढा भाग यंत्रानं लिहिला असावा, असा त्याचा संशय. सिमिलॅरिटीत तुम्ही म्हणू शकता, "ही ओळ माझ्याच जुन्या पेपरातली आहे, बघा." इथे काय दाखवणार? जुळवायला समोर काही नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं एआयचा मजकूर ओळखणारा स्वतःचा डिटेक्टर जानेवारी २०२३मध्ये काढला आणि नेमकेपणा कमी म्हणून जुलैमध्ये बंद केला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले. माणसांनीच लिहिलेल्या या निबंधांपैकी सरासरी ६० टक्क्यांहून जास्त एआयचे ठरले. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले. कारण साधं आहे: मोजका शब्दसंग्रह, सरळ वाक्यं. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आमच्याकडची विद्यार्थिनी इंग्रजी असंच लिहिते, आणि त्यात तिचा काहीही गुन्हा नाही.

बरं, १० टक्के आले कुठून? नियम २०१८चा, चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२मध्ये. त्या नियमात एआयच्या टक्क्यांबद्दल एक अक्षर नाही. असे रिपोर्ट काढणारं टर्नइटिन हे सॉफ्टवेअर तर १ ते १९ टक्क्यांमधला एआयचा आकडा दाखवतच नाही, तिथे नुसती तारका येते, कारण एवढ्या कमी आकड्यावर त्यांचाच भरवसा नाही. मग "दहाच्या आत आणा" म्हणजे नेमकं काय आणायचं? तुमच्या विद्यापीठानं किंवा जर्नलनं एआयसाठी वेगळा नियम केला असेल, तर तो लेखी मागा आणि वाचा.

या घोळाची किंमत मी बघितली आहे. काटोलच्या संत्रा बागायतदारांवर काम करणारी एक मुलगी. सर्वेक्षण तिचं, बागांमधून फिरून भरलेले फॉर्म तिचे. एआयचा आकडा आला म्हणून घाबरून एका टायपिंगवाल्याकडे "एआय काढायला" गेली. त्यानं सगळा मजकूर शब्द बदलणाऱ्या टूलमधून काढला. "फ्रूट ड्रॉप" म्हणजे फळगळ, त्याचं "फ्रूट डिसेंट" झालं. फळगळीवरच्या प्रकरणात फळगळ हा शब्दच उरला नाही! ब्रेस्ट कॅन्सरचं "बुझम पेरिल" झालेले पेपर २०२१मध्ये संशोधक गियोम कबानाक आणि सहकाऱ्यांनी उजेडात आणले होते, तोच हा प्रकार. आम्ही तिचा जुना मसुदा परत घेतला, सोबत फॉर्मचे गठ्ठे आणि फाइलच्या तारीखवार प्रती गाइडसमोर ठेवल्या. प्रबंधात तिनं एक वाक्य घातलं: "चॅटजीपीटीचा वापर फक्त इंग्रजी वाक्यरचना तपासण्यासाठी केला आहे, आकडेवारी, विश्लेषण आणि निष्कर्ष माझे आहेत." प्रकाशननीतीवर काम करणाऱ्या कोप (COPE) या संस्थेनं २०२३मध्ये हेच सांगितलं: एआय लेखक होऊ शकत नाही, कोणतं टूल कसं वापरलं ते लिहा, जबाबदारी सगळी लेखकाची. नुसतं स्पेलिंग तपासलं असेल, तर बहुतेक प्रकाशक तेवढंही मागत नाहीत.

एआयनं रचलेले खोटे संदर्भ मात्र या दोन्ही आकड्यांत सापडत नाहीत. संदर्भसूची सिमिलॅरिटीतून वगळलेलीच असते. म्हणून मी आता रिपोर्ट हातात देण्याआधी सूचीतले कोणतेही पाच डीओआय (पेपरचा ऑनलाइन ओळख-क्रमांक, ज्यावरून पेपर थेट उघडतो) समोरच उघडते. गेल्या आठवड्यात एका मुलाचे पाचांतले दोन भलत्याच विषयाच्या पेपरवर गेले आणि एक उघडलाच नाही. सिमिलॅरिटी ४ टक्के होती, एआयच्या जागी तारका.