सावली कृष्णविवराची, पीळ चुंबकाचा

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस सोलापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. साडेबाराला काही मिनिटं कमी असताना गच्चीवर स्टीलचा उभा डबा ठेवा, त्याची सावली नाहीशी होते. शून्य सावली! तळपाय भाजतात, पण बघण्यासारखं असतं.

कृष्णविवराच्या सावलीचं प्रकरण उलटं आहे. तिला मागून दिवा लागत नाही. भोवती फिरणाऱ्या तप्त वायूचाच उजेड असतो. त्यातले जे किरण फार जवळ जातात ते गिळले जातात आणि थोडे लांबून जाणारे वळसा घालून आपल्याकडे येतात. मधे उरतो तो काळा गोल. विवर फिरत नसेल तर हा गोल घटना क्षितिजाच्या, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही परत येत नाही त्या सीमेच्या, सुमारे २.६ पट रुंद दिसतो. फिरणारं विवर मात्र भोवतालचं अवकाशच ओढत नेतं. फिरण्याच्या दिशेने जाणारा प्रकाश जास्त जवळून निसटतो, उलट दिशेचा लांबूनच अडकतो. त्यामुळे सावली एका बाजूला सरकते आणि तिची एक कड चपटी होते. एम८७ या दीर्घिकेतल्या विवराकडे आपण जवळजवळ त्याच्या अक्षाच्या दिशेने पाहतो, म्हणून तिथे हा चपटेपणा फारसा जाणवत नाही.

आता चुंबकाचं काय? प्रकाशाला विद्युतभार नसतो, त्यामुळे चुंबक त्याला थेट वळवत नाही. पण आइन्स्टाईनच्या हिशेबात चुंबकीय क्षेत्राच्या ऊर्जेलाही गुरुत्व असतं. क्षेत्र प्रचंड असेल तर ते अवकाशाला बाक देईल आणि सावलीचा आकार बदलेल. कागदावर अशी गणितं सुटलेली आहेत, देखणीही आहेत. फक्त एम८७च्या विवरासाठी असं क्षेत्र काही अब्ज गॉसचं (गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) हवं. प्रत्यक्षात सावलीभोवतीच्या तेजस्वी कड्याजवळ किती सापडलं? १ ते ३० गॉस. फ्रिजच्या दारावर चिकटणारं चुंबक याहून जोरदार असतं! तेव्हा ‘चुंबकाने सावली बदलली’ असा मथळा दिसला की जरा थांबावं, असं माझं मत.

मग एवढंसं क्षेत्र करतं काय? सावलीला हात लावत नाही, पण तिच्याभोवतीच्या उजेडाचा सगळा कारभार तेच बघतं. चुंबकरेषा तप्त वायूत रुतलेल्या असतात, वायू फिरला की त्याही ओढल्या जातात. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात विणकामासाठी घरोघरी कांड्या भरल्या जायच्या. सुताचं टोक फिरत्या कांडीला लावलं की बाकीचं सूत आपोआप गुंडाळलं जाई. तसाच या रेषांना पीळ बसतो. त्या फार दाटल्या तर आत पडणाऱ्या वायूलाच मागे रेटतात. विवराच्या फिरण्यातली ऊर्जा याच पिळातून बाहेर खेचली जाऊन तप्त वायूचा झोत सुटतो, असं ब्लँडफोर्ड आणि झ्नायेक या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलं. एम८७चा झोत हजारो प्रकाशवर्षं लांब आहे.

हा पीळ दिसतो कसा? उन्हाळ्यात पोलराइज्ड गॉगल घेतला असेल तर तो घालून मोबाइल हळूहळू फिरवा. एका कोनात स्क्रीन काळी पडते. स्क्रीनचा प्रकाश एकाच दिशेत कंप पावतो आणि गॉगल ती दिशा अडवतो, म्हणून. चुंबकरेषांभोवती गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉनही असाच दिशा धरलेला प्रकाश सोडतात आणि त्या दिशेवरून रेषांचा माग लागतो. इव्हेंट होरायझन टेलिस्कोप या जगभरच्या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने एम८७च्या विवराचं पहिलं चित्र एप्रिल २०१९ मध्ये दाखवलं. त्याच प्रकाशाच्या कंपदिशांचा नकाशा मार्च २०२१ मध्ये आला आणि कडं भोवऱ्यासारखं पिळलेलं निघालं. आपल्या आकाशगंगेतलं विवर सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचं, म्हणजे एम८७च्या तुलनेत चिमुकलं. २०२४ मध्ये त्याच्याही कड्यात तसाच पीळ सापडला.

पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते. एम८७च्या वेगवेगळ्या वर्षांच्या निरीक्षणांची तुलना २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१७ मध्ये पीळ एका दिशेला होता, २०१८ मध्ये तो थंडावला आणि २०२१ मध्ये चक्क उलटा फिरला. कड्याचा व्यास मात्र तिन्ही वेळा तेवढाच भरला.