झाडं सरकली की बदलली? वाळवंटाच्या बाबतीत होणारा घोळ

"वाळवंटातल्या झाडांनी याआधीचे हवामानबदल पचवलेत, हाही पचवतील." असं वाक्य वाचलं की मला पहिला प्रश्न पडतो, पचवले म्हणजे नक्की काय केलं? कारण यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र घुसडलेल्या असतात. एक म्हणजे झाडं सरकली, म्हणजे एका बाजूची मरत गेली आणि दुसऱ्या बाजूला बी रुजत गेलं, असं पिढ्यानपिढ्या होऊन अख्खी जात नवीन जागी पोचली. दुसरी म्हणजे झाडं बदलली, त्यांच्या पानात, पेशीत, गुणसूत्रांत फरक पडला. शेवटी दोन्हीकडे झाड जिवंतच दिसतं म्हणून आपण सरसकट "जुळवून घेतलं" म्हणून मोकळे होतो, पण सरकलेल्या झाडाने कशाशीच जुळवून घेतलेलं नसतं, त्याला सोसेल ते हवामान जिथे गेलं तिथे ते गेलं, एवढंच.

आता हे कळतं कसं, तर उंदरांमुळे. अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या वाळवंटात पॅकरॅट नावाचे उंदीर आहेत, ते कपारीतल्या घराभोवती काड्या, पानं, काटे, बिया असं काय मिळेल ते आणून टाकतात आणि त्यावरच लघवी करतात. कोरड्या हवेत ती लघवी सुकून खडीसाखरेसारखी घट्ट होते आणि पाऊस लागला नाही तर ते काळपट चकचकीत ढेकूळ 40,000 वर्षंसुद्धा टिकतं. प्रयोगशाळेत ते पाण्यात भिजत घालतात, हळूहळू ते विरघळतं आणि हातात येतात जुनिपर या सदाहरित झाडाच्या काड्या, कॅक्टसचे काटे, अख्खी पानं. मग कार्बन डेटिंग करायचं, म्हणजे त्यातल्या कार्बनवरून वय काढायचं. उंदीर घरापासून फार लांब जात नाही, त्यामुळे पान मिळालं म्हणजे झाड तिथेच आसपास होतं. परागकणांचं तसं नाही, ते वाऱ्याने कुठूनही येतात.

1964 साली फिलिप वेल्स आणि क्लाइव्ह जॉर्गेन्सन यांनी नेवाडातल्या अशा ढिगाऱ्यांवर पेपर छापला. आज जिथे जुनिपरचं एकही झाड नाही अशा उघड्या डोंगरांवर उंदरांनी हिमयुगात जुनिपर गोळा करून ठेवलं होतं! त्यानंतर शेकडो ढिगारे तपासले गेले आणि चित्र साफ झालं: आजच्या वाळवंटाच्या मोठ्या भागात तेव्हा जुनिपर आणि पिन्यॉन पाइनची विरळ जंगलं होती, हवा तापली तशी ती डोंगरावर वर सरकली आणि खालची जागा आज आपण ज्यांना वाळवंटी झाडं म्हणतो त्यांनी घेतली. त्यातही सगळी एकत्र हलली नाहीत, प्रत्येक जात आपापल्या वेळेला आणि आपापल्या वेगाने निघाली.

बदलण्याचं उदाहरण याच ढिगाऱ्यांत आहे. लिंबर पाइन या झाडाच्या जुन्या सुया (म्हणजे सुईसारखी पानं) मोजल्या तेव्हा दिसलं की साधारण 15,000 ते 12,000 वर्षांपूर्वी हवेतला कार्बन डायऑक्साइड 30 टक्क्यांनी वाढला, तेव्हा पानावरच्या रंध्रांची (ज्यातून वायू आत येतो आणि पाणी उडून जातं त्या बारीक छिद्रांची) दाटी 17 टक्क्यांनी कमी झाली. वायू भरपूर मिळतोय तर कमी रंध्रांत भागतं आणि पाणीही वाचतं, साधा हिशोब.

पण सगळ्यात भारी केस क्रिओसोट बुश या वाळवंटी झुडपाची, कारण इथे दोन्ही गोष्टी एकाच झुडपात झाल्यात आणि म्हणूनच घोळही इथेच जास्त होतो. याच भागातल्या तीन वाळवंटांत ते वाढतं: चिवावा वाळवंटातल्या झुडपात गुणसूत्रांचे 2 संच, सोनोरातल्यात 4 आणि मोहावेतल्यात 6, म्हणजे 26, 52 आणि 78 गुणसूत्रं. लांबून बघितलं तर तीच हिरवी तेलकट पानं. मग हजारो वर्षं जुन्या वाळलेल्या पानात किती संच होते हे कसं सांगणार? तर रंध्राच्या दोन्ही बाजूला ज्या रक्षक पेशी असतात त्या संच वाढले की आकाराने मोठ्या होतात, त्या मायक्रोस्कोपखाली मोजायच्या. 2001 मध्ये असा अभ्यास छापून आला आणि त्यात दिसलं की हिमयुगात 2 आणि 4 संचवाली झुडपं कोलोरॅडो नदीच्या खालच्या खोऱ्यात सोबत होती, 6 संचवाली तिथे अंदाजे 9,500 वर्षांपूर्वी पहिल्यांदा दिसतात आणि मग हजारो वर्षं घेत उत्तरेला मोहावेत जातात. म्हणजे आधी पेशीत बदल दिसतो, मग सरकणं. नुसता नकाशा बघितला असता तर "झुडूप उत्तरेला गेलं" एवढंच म्हटलं असतं.

आणि याच्या बरोबर उलट टोकाला जोशुआ ट्री, मोहावेतलं टोकदार पानांचं झाड. सुमारे 11,700 वर्षांपूर्वी हवा झपाट्याने तापली तशी दक्षिणेकडची त्याची बरीच जागा गेली, पण उत्तरेला ते फारसं पसरलं नाही. लास वेगासजवळच्या जिप्सम केव्हमध्ये शास्ता ग्राउंड स्लॉथ या जमिनीवर राहणाऱ्या मोठ्या प्राण्याची वाळलेली विष्ठा मिळाली, त्यात जोशुआ ट्रीचे अवशेष आहेत, म्हणून काही संशोधकांना वाटतं की बिया लांब नेणारा तोच होता. तो हिमयुगाच्या शेवटी नामशेष झाला. आता बिया खारी आणि उंदीर नेतात, थोड्याच अंतरावर पुरतात, त्यातली एखादी खायची राहिली तर रुजते, आणि त्या रोपाला पहिलं फूल यायला वीसेक वर्षं किंवा जास्तच लागतात. हिमयुगानंतरचा त्याचा सरकण्याचा वेग काढलाय तो वर्षाला 2 मीटरच्या आसपास.